बाबांच्या रागाची गाठ

स्फाक्स, १२ जानेवारी

प्रिय नौफलदादा,

सलाम. मार्सेलमध्ये सध्या बोचरा वारा सुटला असेल. वहिनीला आणि लेकीला जप. इकडे सगळे बरे. बाबा तर फारच बरे.

त्यांचं ऑपरेशन झालं. तुला आधी कळवायचं नाही, हा त्यांचाच हुकूम. ते अचानक भडकणं, पांढराफटक चेहरा, घाम, धडधड, ज्यापायी तू घर सोडलंस, त्यातलं बरंचसं मूत्रपिंडावरच्या एका गाठीचं काम होतं. ती मनाला येईल तेव्हा रक्तात विष ओतायची. उरलेला स्वभाव आहे, तो शाबूत आहे.

सर्जन म्हणाले, "उद्याच काढू." मी रोज भूल देणारी, मी म्हटलं, "उद्या चाकू लावलात तर टेबलावरच जातील." आधी रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, भरपूर पाणी, खारट जेवण, ठोके आवरणारी गोळी त्यानंतरच. क्रम उलटला की घात. इतकी वर्षं त्यांचं मीठ बंद करणाऱ्या मुलीनं खारवलेला मासा वाढला, तेव्हा बाबा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मारायचंच ठरवलंय का?"

भूल माझी मैत्रीण इब्तिसाम देत होती. मला म्हणाली, "हात खिशात ठेव. आज तू फक्त मुलगी आहेस." गाठीला हात लागला आणि रक्तदाब आभाळाला भिडला. "थांबा, हात काढा!" ती ओरडली. औषध दिलं, दाब उतरला, मग पुन्हा काम सुरू. गाठीची शीर बांधताच तोच दाब कोसळला. पण तिची औषधं तयारच होती. शुद्धीवर आल्यावर साखर घसरली, तीही वेळीच पकडली.

परवा आईच्या हातून चहाचा पेला फुटला. आम्ही श्वास रोखून बसलो. बाबा म्हणाले, "लागलं नाही ना गं?" आई आत जाऊन रडली.

दादा, ही गाठ कधीकधी बापाकडून मुलांतही उतरते, म्हणून मी स्वतःला तपासलं. मलाही आहे. लहान, डावीकडे. औषध सुरू केलंय. ऑलिव्हची तोडणी संपली की इब्तिसाम मलाही टेबलावर झोपवेल. बाबांबरोबर ही वाट एकदा चालून झाली आहे, म्हणून भीती नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझं डोकं ठणकतं, असं वहिनी म्हणाली होती. तेही या गाठीचं लक्षण असू शकतं, तपासून घे. तोवर दात काढायलासुद्धा भूल घेऊ नकोस; गाठ असली तर तेवढंही जिवावर बेततं. गाठ निघाली तर तिकडे ऑपरेशन केलंस तरी माझी हरकत नाही. पण इथे आलास, तर मी बरी होऊन तुझ्या उशाशी उभी राहीन, आणि भूल मीच देईन.

बंदरावर तुला घ्यायला बाबा येणार म्हणतात.

तुझी,
बस्मा