एकशे ऐंशी शिटा, उभं कुणी नाही

हैदराबाद,
मंगळवार, दुपार

प्रिय रेश्माबाई,

सहा वर्षं आपण एका एसटीवर काम केलं, मी स्टिअरिंगवर आणि तुम्ही तिकिटांवर, पण तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. 'प्रिय' लिहून तीनदा खोडलं. कागद फुकट जायला लागले म्हणून चौथ्यांदा तसंच राहू दिलं.

आधी बातमी सांगतो. गेल्या गुरुवारी माझं ट्रेनिंग संपलं. आतापर्यंत कॉकपिटमध्ये माझ्या पाठीमागे लक्ष ठेवायला एक तिसरा वैमानिक बसत असे, तो आता बसत नाही. कॅप्टन आणि मी, दोघंच. बेचाळिसाव्या वर्षी मी फर्स्ट ऑफिसर झालो, म्हणजे कॅप्टनच्या शेजारचा दुसरा वैमानिक. आईला फोन केला, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "तुज्या गाडीला शिटा किती?" मी म्हटलं, एकशे ऐंशी. "आन् उभं किती?" मी म्हटलं, उभं कुणी राहत नाही. ती काळजीच्या आवाजात म्हणाली, "म्हंजे रिकामीच पळवतोस रे. कंपनी टिकंल ना?" किन्हवलीच्या बाजाराच्या दिवशी आपण एका गाडीत किती माणसं कोंबायचो ते तिने पाहिलेलं आहे, तेव्हा तिचंही चुकलं नाही.

माझ्या कॅप्टनचं नाव हेतल. वय वर्षं एकतीस. माझ्या डोक्यावर कानशिलांपासून सुरू झालेली पांढरी शेती तुम्ही पाहिलीच आहे, ती आता वरपर्यंत पोचली आहे. त्यामुळे होतं असं, की उतरताना लोक सगळ्या शुभेच्छा मला देतात. पहिल्याच फेरीला एका आजोबांनी दारात माझे दोन्ही हात धरले. "कॅप्टनसाहेब, काय अलगद उतरवलंत! आणि या मुलीलाही शिकवताय, फार चांगलं करताय." विमान त्या मुलीनेच उतरवलं होतं. मी काही बोलायच्या आत हेतल मॅडम म्हणाल्या, "हो ना काका, सर खूप पेशन्सने शिकवतात." आजोबा खूश होऊन गेले. मला मात्र सामान ठेवायच्या कप्प्यात शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं. तेव्हापासून त्या मला 'सर' म्हणतात आणि मी त्यांना 'मॅडम', आणि नव्या क्रूला कळत नाही की हुकूम कोणाचा चालतो.

या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात, हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो. म्हणजे अर्धंच सांगतो. पुस्तकाची गोष्ट सांगतो. मुरबाड-शहापूर गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी विसरलेलं ते जाडजूड पुस्तक तुम्ही मला आणून दिलंत. वर विमानाचं चित्र, आत ढग, वारे आणि हवेचा दाब. नियमाप्रमाणे ते डेपोत जमा करायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जमा करू उद्या. तुमी बगा तवर. बारावीला सायन्स होतं ना तुमचं?" तो उद्या नऊ दिवसांनी उजाडला. शहापूरला गाडी वळवून लावली की परत सुटेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात मी प्रश्नांपुढे पेन्सिलने उत्तरं लिहीत सुटलो. बारावीनंतर वडील गेले आणि शिक्षण तिथेच थांबलं. वीस वर्षांनी कुणीतरी मला पुन्हा गणित घातलं होतं. एवढी मजा मला लायसन मिळालं तेव्हाही आली नव्हती.

दहाव्या दिवशी पुस्तकाचा मालक आला. भातसानगरच्या वसाहतीतला संदेश, वडील धरणावर नोकरीला, स्वतः वैमानिकीचा अभ्यास करणारा. पान उघडून तो उभ्या उभ्या वाचायला लागला आणि मला घाम फुटला. म्हटलं, पुस्तक खराब केलं म्हणून भरपाई मागतोय. तो म्हणाला, "हे कोणी सोडवलंय? दोन सोडून सगळी बरोबर आहेत." मी गाडीच्या चाकाकडे बघत होतो. तुम्ही गाडीच्या दारातून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलंत, "आमच्या ड्रायव्हरनी!" त्या पोराने मग सांगितलं, की यात वयाची आडकाठी फारशी नसते, तब्येत धडधाकट लागते, आणि वैमानिक पासष्टीपर्यंत काम करू शकतो. मी हसून सोडून दिलं. तुम्ही सोडलं नाहीत. सरळगाव येईपर्यंत तुमचा हिशोब तयार होता. "एसटीवाल्याला लवकर घरी बसवतात, त्यांना पासष्टीला. मंग तुमी उशिरा लागलात तर काय बिघडलं? शेवटी सारखंच होतंय ना!" अशा गणितावर माणसाने आयुष्य बदलू नये खरं तर. पण महामार्गात गेलेल्या आमच्या जमिनीचे पैसे बँकेत पडून होते, संपात गाड्या बंद होत्या, आणि तुम्ही फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरून माझ्या हातात ठेवला होता. 'अनुभव' या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, 'घाटातला'. तो फॉर्म मी पाठवला नाही, दुसरा भरला. पहिला अजून माझ्याकडे आहे.

ट्रेनिंगच्या शाळेतल्या गमती फोनवर सांगितल्या नाहीत, कारण तेव्हा त्या गमती वाटत नव्हत्या. पहिल्या दिवशी एका मुलाच्या वडिलांनी दोन बॅगा माझ्या हातात दिल्या आणि खोली नंबर सांगितला. मी त्या मुकाट्याने वर नेऊन ठेवल्या. संध्याकाळी वर्गात तो मुलगा माझ्याच बाकावर आला, आणि मग वर्षभर बिचारा माझ्याशी मान खाली घालून बोलत होता. सगळे मला 'अंकल' म्हणायचे. इन्स्ट्रक्टर चोवीस वर्षांचा, तोसुद्धा. "अंकल, टर्न लेफ्ट!" मी सवयीने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पूर्ण फिरवलं, आणि विमान आपलं सरळ गवताकडे निघालं. जमिनीवर असताना विमान पायांनी वळवतात, रेश्माबाई! हातातल्या त्या चाकाचा तिथे काही उपयोग नसतो. तेरा वर्षांची सवय पायांत कशी उतरणार? पंधरा दिवस मी पलंगावर बसून पाय हलवत होतो. शेजारच्या पोराला वाटलं अंकलना गुडघ्याचा त्रास आहे, त्याने मलम आणून दिलं.

पहिल्यांदा एकट्याने विमान नेलं तो दिवस मात्र माझा होता. छोटं विमान, शेजारची सीट रिकामी. धावपट्टीवर चाकं टेकली ती कळली नाहीत. इन्स्ट्रक्टरने विचारलं, इतकं हळू कसं टेकवलंत? मी सांगितलं, आमच्या गाडीला तपासणीसाठी निघालेल्या दिवस भरत आलेल्या बायका असायच्या, आणि कुठला खड्डा कसा घ्यायचा हे माझी कंडक्टर मागून ओरडून सांगायची. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

विमान थांबवल्यावर मी मागे वळून पाहिलं. सगळे उतरले का, हे बघायची सवय. मागे कुणीच नव्हतं. तेव्हा मला तुमची फार आठवण आली. पण फोनवर मी एवढंच म्हणालो, "गाडीचे ब्रेक बघितले का नव्या ड्रायव्हरने?"

आता ती गोष्ट, जी आपण दोघंही टाळतो. मोठ्या विमानाच्या परीक्षेत मी नापास झालो होतो. एका खोलीत खोटं विमान असतं, खोट्या विमानात खरी घबराट होते. एक इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं आणि मी हातपाय गाळून बसलो. त्या संध्याकाळी मी बॅग भरली. तुम्हाला फोन करून म्हटलं, की मी परत येतोय, कुठे खाजगी गाडी चालवीन, हे माझं काम नव्हे. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, या. तुम्ही म्हणालात, "इथं काय ठेवलंय तुमचं? तुमच्या शीटवर दुसरा बसलाय. आता मागं यायचं नाय." आणि फोन ठेवून दिलात. मी फार चिडलो. चिडूनच अभ्यास केला, चिडूनच एकवीस दिवसांनी पुन्हा परीक्षा दिली आणि पास झालो. ते सांगायलाही मी तुम्हाला फोन केला नाही, नुसता मेसेज पाठवला. तुम्ही उत्तरात अंगठा पाठवलात.

त्यानंतर महिन्याभराने मनस्वीचा फोन आला होता. तुमची लेक नववीत गेली पण गणितासाठी अजून मलाच विचारते. वर्तुळाचं प्रमेय संपल्यावर ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमचा फोन ठेवल्यावर आई तासभर भांडी घासत होती. घासलेलीच परत. मी विचारलं तर म्हणाली, तेलकट हायेत." मी प्रमेय चुकीचं समजावून सांगितलं होतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

गेल्या शुक्रवारी नागपूरहून मुंबईला येत होतो. आकाश स्वच्छ होतं. उजव्या हाताला भातसाचं पाणी चमकलं आणि डावीकडे दूर सिद्धगडाचा डोंगर ओळखू आला. मधे कुठेतरी आपला रस्ता असणार. दीड-पावणेदोन तास जो रस्ता आपण धक्के खात कापायचो, तो पाच-सहा मिनिटांत मागे पडला. दुपारचे दोन वाजत आले होते, म्हणजे तुम्ही किन्हवलीच्या आसपास. इतक्या उंचीवरून एसटी दिसत नाही हे मला कळतं, पुस्तकाच्या हिशोबानेही दिसत नाही. तरी मी मान वाकडी करून बघत राहिलो. हेतल मॅडम म्हणाल्या, "सर, कोणी ओळखीचं आहे का खाली?" मी हो म्हणालो. मग कामाची गडबड सुरू झाली आणि त्यांनी पुढे विचारलं नाही. खाली उतरल्यावर मात्र विचारलं. मी सगळं सांगितलं, पुस्तकापासून भांड्यांपर्यंत. त्या म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही मला का सांगताय?"

म्हणून हे पत्र. खरं तर त्याआधीच डेपोतल्या विठूने सांगितलं होतं, की तुमच्यासाठी एक स्थळ आलंय, शाळेत शिक्षक आहेत, माणूस चांगला आहे, आणि तुम्ही विचार करायला महिना मागून घेतलाय. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नाही. मी आधी मनस्वीला विचारलं, कारण तिला न विचारता हे लिहिणं बरं दिसलं नसतं. तिने सांगितलं, "फोन नका करू काका. फोनवर आई विषय बदलते. पत्र लिहा. पत्रात तिला मधे बोलता येत नाही." तर रेश्मा, आता मधे बोलू नकोस. मुरबाड सोडलं त्या दिवशीच मी हे विचारायला हवं होतं, पण तेव्हा माझं पुढे काय होणार हेच मला ठाऊक नव्हतं, आणि तू एकटीने नीट चालवलेलं घर मी कुठल्या तोंडाने हलवणार होतो? आज विचारतो. माझ्याशी लग्न करशील? तुझी नोकरी तुझी, ती सोड असं मी कधीच म्हणणार नाही. मुरबाड सोडायचं की नाही तेही तू आणि मनस्वी ठरवा, मी सुट्टी मिळेल तसा येत जाईन. आईला माहीत आहे. ती म्हणाली, "एवडी वर्सं काय झोपला होतास?" रविवारी सकाळी अकरा वाजता मी तुझ्याकडे येतोय. गणवेश घालून जा, असा आईचा आग्रह आहे, पण मी साधा निळा शर्ट घालणार आहे. 'नाही म्हणायचं असेल तर दार उघडू नकोस' असं लिहिणार होतो. पण मग वाटलं, इतक्या लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं झालं, तरी चहा देऊन म्हणावं.

तुझाच,
उत्तर काहीही आलं तरी,
भगीरथ