सासूबाईंचा टोप आणि जाऊबाईंची विनंती

मी, उर्सुला बेनेडिक्ट मिस्किटा, वय वर्षे एकाहत्तर, धर्माने ख्रिस्ती, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. देवावर माझा पूर्ण भरवसा आहे; कागदपत्रांच्या बाबतीत नातेवाइकांवर नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी लॉरेटा हिला. बिल्डरच्या माणसाला तिने चहा देऊ नये. तो मग उठत नाही.

२. सासूबाईंचा तांब्याचा मोठा टोप. त्यांनी तो मला दिला. थोरल्या जाऊबाई सेबस्तीना यांचं म्हणणं, नुसता ठेवायला दिला. यावरून आमचं बोलणं बंद झालं. घरं भिंतीला भिंत लागून, तेव्हा जे बोलायचं ते देवामार्फत होऊ लागलं. मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते आणि शेवटी ज्याने त्याने आपली विनंती मोठ्याने मांडायची असते. जाऊबाई म्हणायच्या, "दुसऱ्याची भांडी दाबून बसलेल्यांना, देवा, सद्बुद्धी दे." मग मी, "मेलेल्या माणसाचा शब्द खोटा पाडणाऱ्यांना, देवा, तूच क्षमा कर, मला जमत नाही." दोन्ही वेळा अख्खं गावठाण भक्तिभावाने म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आधी माफ करा, मग देवाकडे मागा, असं फादरनी आम्हाला समजावलं. ते दुसरीला सांगतायत असं समजून दोघींनी मान डोलावली.

३. यंदा मी अंथरुणात होते. खिडकीतून सगळं ऐकू येतं. जाऊबाईंची पाळी आली. "देवा, आमच्या उर्सुलाला बरी कर." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. बाकीचेही वाट पाहत असावेत, कारण उत्तर द्यायचं कोणाला सुचेना. शेवटी मीच आतून ओरडले, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मला फार रडू आलं. जाऊबाईंना मी मनापासून माफ केलं आहे. चूक त्यांचीच होती. सबब टोप त्यांना द्यावा.

४. कलम तीनमध्ये दुरुस्ती. आज सह्यांच्या वेळी दुसरा साक्षीदार मिळेना. वकील मिहिर यांना आमचं काही ठाऊक नाही, त्यांनी सरळ पलीकडे हाक मारली. इतक्या वर्षांनी जाऊबाई माझ्या घरात आल्या, पलंगाशी बसल्या. वकिलांनी सांगितलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा टोप घ्या नाहीतर सही करा.

जाऊबाई मला म्हणाल्या, "टोप घेऊन काय करू गं? त्याच्यावरून भांडायला तू नसशील. आण ते पेन."

सबब टोप गावठाणाला, लग्नकार्यासाठी. ठेवायला जाऊबाईंकडे. नुसता ठेवायला.

ठिकाण: मरोळ. दिनांक: १४ जून २०२५.

सही: उर्सुला बेनेडिक्ट मिस्किटा

साक्षीदार:
१. दशरथ तांडेल, शेजारी
२. सेबस्तीना पास्कल मिस्किटा, जाऊ. सही केली आहे. देवा, हा कागद इतक्यात कोणाला लागू देऊ नकोस.