फवाऱ्यानंतरचा फोटो

पुसेगाव,
२२ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. शेतातली हळद कमरेला लागली. रविवारी माझी न् तुमच्या धाकट्या भागवतची सुपारी फुटणार म्हणून बाबांनी पाहुण्यांना निरोप धाडलेत. फोनच केला असता, पण तुमच्या घरी तो भागवत उचलतो. पत्र आलं की तुमच्या थोरल्या सूनबाई, शिलावहिनी, नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवतील.

भागवतने दिलेली लेन्स चांगली आहे. मोबाईलला लावली की पतंगाच्या मिशीवरचे केस दिसतात. घरात पहिली पदवी माझी. पुढेही किड्यांवरच शिकायचंय, असं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिक की. भागवतच्या दुकानात फवारणीची औषधं विकायला कामी येईल." मी हसले होते.

परवा तुम्ही सगळे शेतात आलात. मोटारीच्या खोलीत दिव्यावर आलेलं एक करडं पाखरू सकाळीही भिंतीवर बसून होतं. पंख थरथरत होते, फोटो काही नीट येईना. भागवतने मागून औषधाचा पंप मारला.

"घे. आता हलणार न्हाई. काढ निवांत."

"काहून मारलंस?"

"गिऱ्हाईकाला माल दाखवून राहिलो."

सगळे हसले.

ते खाली पडून पाय झाडत होतं. मी फोटो काढला. मोठा करून पाहिला तेव्हा कळलं, ते अंडी घालत होतं. हिरवट, एकेक करून. शेवटचं अर्धंच बाहेर आलं.

तुम्ही फोटो निरखून पाहिलात. "शहाणी हाय. मरता मरता लेकरं ठेवून गेली. बाईनं असंच असावं."

शिलावहिनी तिथेच उभ्या होत्या. पोटावर पदर. तिसरा महिना.

आत्याबाई, गेल्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या सिझरनंतर हिंगोलीच्या डॉक्टरांनी आपल्या दोघींना आत बोलावलं होतं. वहिनी बाहेर बाकावर होत्या. "तिसऱ्यांदा दिवस जाऊ देऊ नका, जिवावर बेतेल. तिला समजावून सांगा." रिक्षात तुम्ही माझा हात दाबलात. "तिला न्हाई सांगायचं. भिईल. मग नातू कुठून यायचा?"

मी रविवारी पाटावर बसणार नाही. बाबा बोलायचे थांबलेत. लेन्स सोबत पाठवली आहे.

शिलावहिनी, वाचता वाचता तुम्ही थांबला असाल. आत्याबाई विचारतील, "पुढं काय लिवलं?" सांगा, सगळे बरे आहेत. शनिवारी दोन्ही लेकींना घेऊन बाळापूरहून सकाळच्या एसटीत बसा. मी हिंगोलीच्या स्टँडवर असेन. त्याच डॉक्टरांकडे जाऊ. या वेळी बाकावर मी बसेन.

तुमची, जाऊ न झालेली,
प्रियदर्शनी