रविवारची आई

ताई,

माझ्या लेकाला एकटं राहायला तुम्ही शिकवलंत, आणि आज त्यानं मला दारातूनच परत पाठवलं.

अडतीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शर्टाची बटणं मी लावत होते. तुम्ही भिंतीवर दात घासण्याची, चहा करण्याची चित्रं चिकटवलीत आणि तो वेगळी खोली घेऊन राहायला लागला. आज मला करमेना, म्हणून न कळवता गेले.

“कोण?”

“अरे, मी. आई!”

“आई रविवारी येते. आज मंगळवार. न ठरवता कुणी आलं, तर दार उघडायचं नाही.”

खूप विनवलं. “सॉरी हं,” म्हणाला आणि आत स्वतःशीच मोठ्यानं बोलू लागला, “गॅस बंद केला. आता कप.” एकच कप वाजला.

जिना उतरताना मनातल्या मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले मी. तरी हे पत्र देणार नाही. दिलं, तर तुम्ही त्याला माझ्यासाठी दार उघडायला शिकवाल आणि त्याचा सगळा घोळ होईल.

फक्त एक विचारायचं होतं. सोमवार ते शनिवार मी काय करायचं, त्याची चित्रं माझ्या भिंतीसाठी काढून द्याल का?

त्याची रविवारची आई