दोनातला एक मासा

२० सप्टेंबर
आणलं एकदाचं यांना घरी. उजवा हात, उजवा पाय गेल्यातच जमा. आणि तोंडात शब्द एकच उरलाय — हाव! म्हणजे हो.

चहा घेता? हाव. पंखा बंद करू? हाव. डॉक्टरांनी विचारलं, सर, आज वार कोणता? — हाव. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तिथं चुकूनही हाव म्हणाले नसतील. मेंदूला झटका बसला आणि लहानपणीचं भोकर गाव तेवढं तोंडात राहिलं.

खुर्ची त्यांच्या टाकीसमोर ठेवली. चार फुटांची, समुद्राच्या पाण्याची टाकी. नांदेडात समुद्र! आठ वर्षांपूर्वी हा खटाटोप सुरू केला तेव्हा मी डोक्याला हात लावला होता. आम्ही बारा दिवस हॉस्पिटलात, इकडे वीज गेली तर बघायला कोण होतं? सातांतले दोनच मासे उरलेत, ती केशरी क्लाऊनची जोडी. प्रवाळ निम्मे पांढरे पडले. यांनी बघितलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला बघवेना. मी आत जाऊन भात लावला.

२१ सप्टेंबर
मासे आणायचे. ठरलं!

२५ सप्टेंबर
शिल्पा आली होती, बोलण्याचा व्यायाम घेणारी. म्हणाली, "काकू, सरांना निवडायला लावा. दोन वस्तू दाखवा आणि विचारा, हे की ते? नुसत्या 'हो'ला काही अर्थ नाही. ज्या दिवशी सर एखाद्या गोष्टीला नाही म्हणतील ना, त्या दिवसापासून त्यांचा हो खरा."

मग वस्तू कशाला, मासेच दाखवते. मोबाइलवर दोन फोटो धरले. हा आणू? हाव. का हा? हाव. दोन्ही नकोत? हाव! मला हसूच फुटलं. तेही हसले, अर्ध्या तोंडानं.

३ ऑक्टोबर
लातूरला सिद्रामप्पांना फोन केला. हे त्यांच्याच दुकानातून मासे आणायचे. सिद्रामप्पा म्हणाले, "बाई, सरांची रीफ हाय, प्रवाळाची टाकी. तितं समदे मासे येकमेकांत बसत न्हाईत बगा. कुनी प्रवाळ खातंय, कुनी दुसऱ्याला जगू देत न्हाई. सरच आमाला शिकवायचे, आता आमी काय सांगावं!" मग बिचाऱ्यांनी यादी पाठवली — कोण कोणाबरोबर चालतो, कोण चालत नाही. पत्रिका जुळवणं सोपं म्हणायचं.

यांना पुन्हा फोटो दाखवले. निळ्याशार डॅमसेलला हाव म्हणाले आणि डाव्या हाताचं बोट फोटोवर टेकवलं. बोट! सिद्रामप्पा कचरत होते, "बारका दिसतोय, पर लई भांडखोर. त्येला सगळ्यात शेवटाला सोडायचं असतंय, टाकी भरल्यावर." मी म्हटलं, सरांनी स्वतः निवडलाय. "सर म्हनले? मग पाठवतो."

आता लिहिताना वाटतंय, बोट त्यांनी टेकवलं का मीच फोन बोटाखाली सरकवला?

८ ऑक्टोबर
बसने थर्माकोलचा डबा आला. एक निळा आणि एक फायरफिश — पांढरा, मागून लाल होत गेलेला, लाजराबुजरा. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, थोडं थोडं पाणी मिसळलं, यांच्या वहीत लिहिलंय तसं. हे दीड तास मान न वळवता बघत होते. मला इतकं बरं वाटलं! माणूस आत आहे. नक्की आहे.

११ ऑक्टोबर
निळ्यानं टाकी नावावर करून घेतली. दोन इंचांचा जीव आणि रुबाब तहसीलदाराचा! फायरफिश पाइपामागच्या कोपऱ्यात थरथरत उभा. खायला टाकलं की निळा आधी त्याला हाकलून येतो, मग खातो. नव्या सुनेचेसुद्धा इतके हाल नसतात.

१५ ऑक्टोबर
शाळेतून आले तर फायरफिश फरशीवर. वाळून काडी झालेला. वरच्या जाळीला एवढीशी फट होती, त्यातून उडी मारली.

खुर्चीपासून दोन हातांवर पडला होता. म्हणजे यांनी बघितलं असणार. तडफडतानासुद्धा बघितलं असणार. उठता येत नाही, कोणाला हाक मारता येत नाही. हाव म्हणत राहिले असतील का? मी तेव्हा आठवीला टक्केवारी शिकवत होते.

खूप रडले. माशासाठी नाही.

१६ ऑक्टोबर
सिद्रामप्पा म्हणतात, निळा पकडायचा म्हटलं तर असा सापडायचा नाही, सगळे दगड बाहेर काढावे लागतील. दगड म्हणजे यांची आठ वर्षं, एकावर एक रचलेली, वर प्रवाळ जगवलेले. विचारलं, काढू का दगड? हाव. नको काढू? हाव.

नाही काढले. हिंमत झाली नाही.

२६ ऑक्टोबर
भोकरहून तारामतीअक्का आल्या, यांच्या थोरल्या बहीण. दोन दिवस राहिल्या, भावाचं सगळं केलं. आज जाताना यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "वैजू, येतूस ना रं भोकरला? माह्याजवळ ऱ्हायला?"

हाव.

"बघ! हाव म्हून राह्यला."

मी म्हटलं, अक्का, ते सगळ्यालाच हाव म्हणतात. त्याला अर्थ नाही.

"मंग माशाच्या टायमाला कसं काय चाललं त्याचं हाव?"

  गणिताची बाई मी, दुसऱ्याची चूक लाल शाईनं दाखवणारी. माझीच मांडणी चुकली होती.

अनयचा बंगळूरहून फोन. "आई, तू दिवसभर शाळेत. तिकडे आत्या आहे, माणसं आहेत. आणि बाबा स्वतः हो म्हणालेत ना?" पोटचा पोरगासुद्धा! दिवाळी झाली की न्यायचं ठरवून टाकलं सगळ्यांनी.

२७ ऑक्टोबर
मला यांना पाठवायचं नाही. इथं तरी खरं लिहावं. अक्का चांगल्या आहेत, माझ्याहून चांगलं करतील. तरी नाही पाठवायचं.

गंमत बघा, या माणसानं जन्मभर मला नाहीच म्हटलं. नवा सोफा — नाही. उटीची सहल — नाही. बदली घेऊन पुण्याला जाऊ — नाही, नाही, नाही. तेव्हा कानाला कंटाळा यायचा. आता एका नाहीसाठी देव पाण्यात ठेवलेत.

९ नोव्हेंबर
रोज सकाळी दोन फोटो, संध्याकाळी दोन. हाव. हाव. हाव. हाव.

१७ नोव्हेंबर
अक्कांनी खालची खोली रंगवून घेतली, पलंग आणला. एक तारखेला गाडी येणार. इकडे निळ्यानं आता क्लाऊनच्या जोडीवर मोर्चा वळवलाय, नराचं शेपूट कुरतडलेलं दिसलं. मिठाच्या पाण्यानं माझ्या बोटांना भेगा पडल्यात, खडू धरवत नाही. कशालाच हात पुरत नाही माझा.

२८ नोव्हेंबर
न्हाई म्हणाले!!

संध्याकाळी सवयीनं फोटो धरला. फुलपाखरू मासा, पिवळाधमक, मला फार आवडलेला. हा आणू का? मान हलली. ओठ दोनदा वाकडे झाले. "न्हा... न्हाई."

 दुसरा दाखवला, ट्रिगर. "न्हाई!" आता तर रागावूनच, चौथीतल्या पोराला सांगावं तसं. मग छोटा पिवळा गोबी, वाळूत राहणारा. बराच वेळ बघितला. "हाव."

सिद्रामप्पांची यादी उघडून ताडून पाहिली. फुलपाखरू — प्रवाळ खातो. ट्रिगर — सगळ्यांनाच खातो. गोबी — रीफला चालतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिन्ही उत्तरं बरोबर! पैकीच्या पैकी!

शिल्पाला फोन केला, ती तिकडे ओरडलीच. अनयला केला. अक्कांना केला नाही. त्यांना उद्या करते. म्हणावं, आता विचारा तुमच्या भावाला, भोकरला येतोस का म्हणून. आता त्यांना नाही म्हणता येतं!

शिरा केला. बऱ्याच दिवसांनी मीही पोटभर जेवले.

२९ नोव्हेंबर
शाळेत जायच्या आधी मीच विचारलं. भोकरला जायचं? — हाव.

इथं राहायचं, माझ्याजवळ? — न्हाई. डाव्या हातानं माझी भेगाळलेली बोटं धरली होती, ती सोडली नाहीत.

उलटसुलट करून पुन्हा विचारलं, उत्तरं तीच. ताळा जुळला.