इष्टलिंगाच्या कापडाची गाठ

अव्वा, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज सकाळी तुझ्या लेकाला कळलं, आपण केवढे गाढव होतो ते. औषधाचं दुकान चालवणारा माणूस मी, नांदेडात येईल त्याला गुडघ्याचं, कमरेचं शहाणपण सांगतो, आणि घरात माझ्याच आईचा हात मला कळला नाही.

तू औशाहून माझ्याकडं राहायला आलीस तो उन्हाळा आठवतोय. भाकरी थापणं तू आधीच सोडलं होतंस. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी सांधे झिजलेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळी लिहून दिली, अंगठ्याला पट्टा आणि हाताचे व्यायामही सांगितले. मी गोळी तेवढी आणली. पट्टा बघू, व्यायाम बघू, असं करत राहिलो. गोळी लागू पडली आणि मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायला लागलो, आमच्या अव्वाचं दुखणं पळालं म्हणून.

मग ती सकाळ. आंघोळ करून तू पाटावर बसलीयस, समोर विभूती, बेलाची पानं. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या कापडाची गाठ सोडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि पूजा झाल्यावरच चहा, हा तुझा जन्माचा नेम. त्या गाठीशी तू कितीतरी वेळ झटतीयस. "लेकरा, एवढी गाठ सोड की रे," म्हणतेस. मी चाव्या घेऊन दारात उभा. "दुखून राहिलं का?" "न्हाई रे, दुखत न्हाई. बोटात जोरच न्हाई." आणि मी तुझ्यावर खेकसलो, "दुखत नाही तर सोड की मग! कशाला नखरे लावलेस सकाळी सकाळी!" तू मान खाली घातलीस आणि दातांनी गाठ ओढायला लागलीस. देवाची गाठ, दातांनी! मी ते बघितलं, अव्वा, आणि तरी गाडीला किक मारून दुकानाला गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारायच्या आधीच तू म्हणायचीस, "आज लई दुखून राहिलंय." दुखतंय म्हटलं की मी निमूट गाठ सोडायचो, वर आणखी एक गोळी हातावर ठेवायचो. तू गेलीस, तुला माती द्यायच्या वेळी लिंग तळहातावर ठेवायचं होतं, तेव्हाही ती गाठ मीच सोडली. नंतर तुझ्या विभूतीच्या डब्यामागं त्या जादा गोळ्या सापडल्या, कागदात बांधलेल्या. बायको म्हणाली, "विसरल्या असतील." मीही तेच धरून चाललो.

गेल्या वर्षापासून माझाही अंगठा धरलाय. गोळी घेतो, दुखणं थांबतं, अगदी थांबतं, आणि तरी बाटलीचं झाकण फिरत नाही, चिमटीत दोरा धरवत नाही. दुखणं गेलं म्हणजे हात परत आला, असं नसतं गं. तू तर हे तेव्हाच दोन शब्दांत सांगितलं होतंस. खरं बोललीस म्हणून बोलणी खाल्लीस, आणि मग शेवटपर्यंत रोज सकाळी, ऐन पूजेला बसताना, मी तुला खोटं बोलायला लावलं. दारात नको असलेलं माणूस आलं तरी "अव्वा घरी नाही म्हणून सांग" असं तू आम्हा लेकरांना कधी म्हणाली नाहीस. मला लाज वाटते, अव्वा.

हे पत्र कुठं टाकणार? राहील दुकानातल्या खालच्या खणात. एवढं एक सांगतो आणि थांबतो. आज सकाळी माझ्या इष्टलिंगाच्या कापडाची गाठ सुटेना, म्हणून सुनेला हाक मारली. पोर हातातलं काम टाकून आली. "मामा, दुखतंय का?" तिनं मायेनं विचारलं. काहीच दुखत नव्हतं. मी म्हणालो, "हाव, लई दुखतंय."