टाकीतलं तेल वाढलं

१५-९-४६, रवि.
दादाने शेवटी आणलीच. देहूरोडला लष्कराच्या उरलेल्या सामानाचा लिलाव होता, तिथून पेट्रोलवर चालणारी करवत. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला मूठ, मधल्या लांब पात्यावर दातेरी साखळी. दोघांनी धरायची. म्हणे लोणावळ्याच्या बंगल्यांतली पडलेली झाडं एका दुपारात उडवू. रेल्वेच्या शेडात फिटर असलेला भाऊ घरात फुकटचा आहेच, मशीन तो बघेल. मला विचारलं? छे.

१७-९
टाकीच्या झाकणाची चकती कुजलेली. मशीन जरा कलली की पेट्रोल झिरपतं. दादा म्हणाला, "एवढंसं तर गळतंय." एवढंसं! आणि मशीन ठेवलीय कुठे, तर पडवीत. भिंतीपलीकडे चूल. नवी चकती कापून बसवली, तरी पाझरतेच आहे.

२०-९, शुक्र.
दादाला आणि चिंधूला समोर बसवून सांगितलं. (चिंधू वरच्या वाडीचा, करवतीचं दुसरं टोक तो धरतो. माणूस कष्टाळू, पण ऐकतो अर्धं.) काम झालं की टाकी पार रिकामी करायची. उरलेलं पेट्रोल डब्यात, डबा गोठ्यामागच्या खोपीत. इंजिन गार झाल्याशिवाय नवं ओतायचं नाही. पात्याला लाकडी म्यान. पडवीच्या दारात मी कोरड्या मातीची बादली ठेवलीय, पेट्रोल पेटलं तर पाणी नाही, माती. चिंधू मान डोलवत होता. दादा बिडी शोधत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

२२-९
सकाळी वहिनी: "भावोजी, तांदूळ वाढल्यात."
म्हणजे संपलेत. या घरात काही संपत नाही, सगळं वाढतं. मीठ वाढतं, रॉकेल वाढतं. मळवलीहून लग्न होऊन आली तेव्हापासून हेच, आईनेही कौतुक केलं. मी म्हटलं, "संपले म्हणा की, आणतो लगेच." तिने कानांवर हात ठेवले.

२६-९, गुरु.
घट बसले. आई गेल्यानंतरचा घरातला पहिला घट, वहिनीच्या हातचा. नऊ दिवस उपास, पायांत वहाण नाही. सगळं छान. मग संध्याकाळी पाहतो तर बादली रिकामी.
"दारातच कोरडी माती घावली. देवीला आयतीच."
माझी आगीची माती! ती टोपलीत, तिच्यात आता गहू, जव पेरलेत आणि वर कलश. देवीपुढे काय बोलणार? चिंधूला सांगितलं, बादली भर. तो म्हणाला, "कुटनं भरू? परतीचा पाऊस लागलाय, समदा चिखल हाय."

१-१०, मंगळ.
साखळीला चिंधूने खोबरेल चोपडलं. "केसांला चालतं की." सगळा भुसा चिकटून गोळा. दोन तास कानस आणि चिंधी घेऊन बसलो. वैतागलो पार.
घटाचे कोंब मात्र बोटभर झालेत. वहिनी दिवसातून दहादा बघते. शेजारणींना बोलावून दाखवते.

४-१०, शुक्र. खंडेनवमी.

आज हत्यारांची पूजा. दादाने कोयता, कुऱ्हाड, विळे घटापुढे मांडले आणि मधोमध ही बया. झेंडूची माळ, हळदकुंकू. मी शेडातून दुपारी घरी आलो तर समोर समई तेवतेय आणि मशीन कललेली. आधी वास आला. ओरडेपर्यंत जमिनीवरनं निळी रेघ सरकत गेली आणि झाकणापाशी भपकन पेटलं. माळ पेटली. ज्वाळा कुडाकडे. वहिनीने हंडा उचलला. "पाणी नको!" म्हणून ओरडलो आणि बादलीकडे धावलो. रिकामी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
माती घरात एकाच जागी होती.
कलश बाजूला सारला, घटाची टोपली उचलली आणि कोंबांसकट उपडी केली. वरून गोणपाट दाबलं. विझलं. कूड वाचला, घर वाचलं. घट उद्या उठायचा होता.
मग कळलं ते असं. वहिनीने पूजेआधी चिंधूला विचारलं होतं, "टाकीतलं त्याल वाढलं का?" म्हणजे, संपलं ना. तिचं काही चुकलं नाही. चिंधू म्हणाला, "व्हय वयनी, लय वाढलंय." कारण त्याने सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. मी त्याचा गळा धरायचाच बाकी होता, तर म्हणतो कसा, "सणाच्या दिशी हत्यार उपाशी कसं ठिवायचं?"
आता कुणावर चिडू?

५-१०. दसरा.
वहिनी बोलत नाही. मी सोनं द्यायला गेलो. तिने हात पुढे केला नाही, आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून मागे फिरलो. शेजारणी येऊन रिकाम्या पाटाकडे बघून जातात. घर वाचवलं म्हणून एकानेही शाबासकी दिली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

८-१०, मंगळ.
मशीन पूर्ण उघडली. माती कुठे नाही ते विचारा. इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांत गहू अडकलेले, साखळीत कोंब. एकेक काढून पानावर ठेवले, फेकवेनात.
दादा म्हणाला, "देवीनंच इजवलं म्हणायचं."
वहिनी त्यालाच ऐकवत, पण माझ्यासाठी: "देवीनं इजवलं. पर फेकलं कुणी?"
पान नंतर पाहिलं तर जागेवर नव्हतं. तिनेच नेलं असावं. कुठे, ते कळलं नाही.

१३-१०, रवि.
मशीन आता गोठ्यामागच्या खोपीत. टाकीला पत्र्याचं झाकण नवं, गळत नाही. दादा कुरकुरतो, चोर नेतील म्हणतो. नेऊ देत, मी पेढे वाटीन.
दिवेलागणीला दादा आणि चिंधू वलवणच्या बंगल्यावरून आले, मशीन ठेवली, हातपाय धुवायला गेले. वहिनी हातात विझलेला कंदील घेऊन माझ्यासमोर उभी. नऊ दिवसांनी पहिला शब्द.
"भावोजी, त्याल वाढलंय."
चेहरा सरळ. कंदिलातलं की टाकीतलं, आणि कुठल्या अर्थाने, विचारायची छाती झाली नाही. आधी खोपीत जाऊन टाकी हलवून पाहिली. कोरडी ठणठणीत. मग रॉकेलचा डबा हलवला. तोही तसाच.
परत येऊन म्हटलं, "हो वहिनी. दोन्हीकडचं वाढलंय."
तिने माझ्याकडे पाहिलं. कंदील माझ्या हातात दिला आणि आत गेली.